दोनशे चाळीस दिवसांचा हिशेब



मागं एका तालुक्याच्या शिबिरात जंगलातल्या मजुरावर बोललो. बोलणं संपल्यावर एक पोरगा उठला. शिकलेला, तयारीचा. म्हणाला, "सर, जंगल हा आदिवासींचा प्रश्न. आपला प्रश्न जमिनीचा, नोकरीचा, अत्याचाराचा. जंगलात आपलं काय?"

त्याला तिथं उत्तर देता आलं नाही. घशाशी आलं होतं, पण बोललो असतो तर भलतंच बोललो असतो. ते उत्तर आता लिहून काढतोय.

माझा बाप एकोणीस वर्षं जंगलाच्या कामावर होता. आबा. १९८४ ला लागला, २००३ ला घरी बसवला. एकोणीस वर्षांत त्याने किती झाडं लावली याचा हिशेब कुठल्या ना कुठल्या फायलीत असेल, कारण झाडं मोजायची सरकारी रीत आहे. खड्डे मोजतात, रोपं मोजतात, किती जगली किती मेली ते टक्क्यांत लिहितात. आबा किती दिवस कामावर होता हे मात्र शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही. नऊ दिवस कमी पडले. त्या नऊ दिवसांची ही गोष्ट आहे. पण ती तिथून सुरू होत नाही. बरंच मागं जावं लागतं.

जंगलाला खातं कधी आलं? आपल्या मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉक्टर अलेक्झांडर गिब्सन नावाच्या गोऱ्या माणसाला जंगलाचा कॉन्झर्व्हेटर नेमलं. १८६४ ला सगळ्या हिंदुस्थानचं जंगलखातं झालं, त्यावर डिट्रिच ब्रँडिस नावाचा जर्मन साहेब इन्स्पेक्टर जनरल बसला. १८६५ ला पहिला कायदा, १८७८ ला दुसरा, जास्त कडक. जहाजाला साग पाहिजे होता. १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, तिच्यामागं देशभर रूळ पडत गेले, रुळाखाली लाकडाचे स्लीपर पाहिजे होते. म्हणून जंगल राखीव झालं. राखीव म्हणजे कुणापासून राखीव? जो तिथली काटकी नेतो, शेळी चारतो, त्याच्यापासून.

जोतीराव फुल्यांनी १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात या जंगलखात्यालाही सोडलं नाही. गावाची गायरानं नि कुरणं फॉरेस्टात घातली, गरिबाच्या शेळ्यामेंढ्यांना पाय ठेवायला जागा ठेवली नाही, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं. आपल्या सभांमध्ये 'असूड'चं नाव घेतात ते भटशाहीसाठी. त्यातलं फॉरेस्ट कुणी वाचत नाही. वाचा.

आता कायद्याच्या पुस्तकात नसलेली गोष्ट. साहेब जंगल बघायला यायचा तेव्हा त्याचा तंबू कोण वाहायचं? त्याच्या चुलीला लाकडं कोण आणायचं? घोड्याला गवत कोण कापायचं? गावकामगार महार. वतनदार महार. 'वतनदार' हा शब्द ऐकून भुलू नका. सरकारी माणूस गावात आला की रात्री-अपरात्री हाक, ओझं डोक्यावर नि पुढच्या गावापर्यंत पोचव. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि गावाचं बलुतं. घरातला गडी आजारी असला तर घरातलं दुसरं कुणी जायचं, कारण चाकरी माणसाची नव्हती, घराची होती.

बाबासाहेबांनी या वतनावरच घाव घातला. १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडली. चोवीस तास राबणाऱ्या माणसाला किती मिळतं आणि तो कुणाचा नोकर, हे त्यांनी सरकारला विचारलं. तो कायदा काही तेव्हा झाला नाही. महार वतन गेलं ते १९५८ च्या कायद्याने, बाबासाहेबांच्या महानिर्वाणानंतर. त्यांच्या त्या प्रश्नातलं एक सूत्र मात्र धरून ठेवा, पुढं लागणार आहे. काम कायमचं असेल तर माणूस कुणाचा? त्याची जबाबदारी कुणावर?

जंगलाच्या आत हा प्रश्न आदिवासींनी विचारला. ठाणे जिल्ह्यात वारली माणूस जमीनदाराकडे वेठीला होता आणि जंगलाच्या कुपात ठेकेदाराकडे. लग्नाला कर्ज काढलं की लग्नगडी व्हायचा, म्हणजे नवरा-बायको दोघं सावकाराच्या घरी बांधलेले. १९४५ ला तिथं वारल्यांचा उठाव झाला. त्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्याचे साथी पडले. पण लोक मागं हटले नाहीत. १९४६ ला जंगलकामाचा मोसम सुरू होताना त्यांनी कुपातलं काम बंद पाडलं. मागणी एकच, रोज सव्वा रुपया.

या लढ्याचं नेतृत्व गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी केलं, किसान सभेकडून. आता हे ऐका. हेच शामराव परुळेकर १९३७ मध्ये मुंबईच्या असेंब्लीत निवडून गेले होते ते बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाकडून. पुढं ते कम्युनिस्ट पक्षात गेले, वाटा वेगळ्या झाल्या, त्याबद्दल भांडणं झाली आणि अजून होतात. होऊ द्या. पण जंगलमजुराचा प्रश्न आपल्या घरात कधी आलाच नव्हता असं म्हणणाऱ्या पोराला ही एवढी गोष्ट माहीत पाहिजे.

अजून एक. ११ एप्रिल १९४६ ला मध्यवर्ती कायदेमंडळात किमान वेतनाचं बिल मांडलं ते मजूरमंत्री डॉ. आंबेडकरांनी. १९४८ ला त्याचा कायदा झाला. त्याच्या परिशिष्टात दोन भाग होते. पहिल्या भागात तंबाखू, विड्या, रस्ते, दगडफोड असले धंदे. दुसऱ्या भागात शेती. शेतीच्या त्या लांबलचक व्याख्येत एका कंसात शेतीच्या जोडीचं जंगलकाम आणि लाकूडकाम लिहिलेलं होतं. जंगलात कुऱ्हाड चालवणाऱ्याला स्वतःची ओळही मिळाली नाही, त्याला कंसात टाकलं. तरी कायद्यात नाव आलं हेही थोडकं नाही. जिथं नाव येतं तिथंच भांडता येतं. जिथं नाव नाही तिथं नुसती विनवणी.

स्वातंत्र्य आलं. मुंबई सरकारने १९४७ पासून जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढल्या, ठेकेदाराला वगळून कूप त्यांना द्यायला सुरुवात केली. तोडीच्या कामाला तरी एक वाट निघाली. पण आमच्यासारख्या माळरानाच्या मुलखात तोडायला जंगलच नव्हतं. आमच्याकडे काम आलं ते लावायचं. आणि ते आलं दुष्काळातून.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यातल्या कुणी पाहिला नाही. मी आईच्या कडेवर होतो. आबा आणि आई खडी फोडायला जायचे. त्याच काळात रोजगार हमी आली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. मागेल त्याला काम. ही गोष्ट मोठी होती, ती कमी लेखू नका. बामणाच्या नि पाटलाच्या दारात न जाता माझ्या आईला हक्काने मजुरी मागता आली, आणि बाईला गड्याइतकीच. पण रोजगार हमीच्या आत एक खोच होती. माणूस कामावर यायचा तो 'मागणारा' म्हणून. कामगार म्हणून नाही. मागणारा कायम होत नसतो.

त्याच सुमारास दिल्लीत शेतीविषयक राष्ट्रीय आयोग बसला होता. त्याने १९७६ मध्ये सांगितलं की गावाला लागणारं सरपण, चारा, बांबू हे राखीव जंगलाबाहेर पिकवा, पडीक जमिनीवर, गायरानावर, रस्त्याच्या कडेला. याला नाव मिळालं सामाजिक वनीकरण. आपल्या राज्यात १९८२ ला त्याचं वेगळं खातं झालं. परदेशी मदतही आली. गावोगाव रोपवाटिका उघडल्या. आबा अशाच एका सरकारी रोपवाटिकेत लागला. तालुक्याचं नाव लिहीत नाही, कारण ही गोष्ट एका तालुक्याची नाही.

आता ते काम काय होतं ते बारा महिन्यांच्या हिशेबाने सांगतो. हे ध्यानात ठेवा, पुढं कोर्टात हाच मुद्दा निघणार आहे.

थंडी सरली की पिशव्या. काळ्या प्लास्टिकच्या. माती चाळायची, शेणखत नि वाळू मिसळायची, पिशवी भरून ठोकायची, ओळीत लावायची. हजाराच्या भावाने मजुरी. मी शाळेत असताना दोन उन्हाळे हे काम केलंय. पाचशेव्या पिशवीला बोटांची अग्रं सोलतात. पिशव्या बहुतेक बायाच भरायच्या. आई भरायची, आणि तिची हजेरी किती तरी वेळा आबाच्या नावात घातलेली असायची. मग बी टोचायचं. सुबाभूळ, करंज, कडुनिंब, शिसू, ग्लिरिसिडिया. मग पाणी. चैत्र-वैशाखात सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी, विहिरीत पाणी नसलं तर टँकरची वाट बघत रात्री जागायचं. त्याच उन्हाळ्यात डोंगराला खड्डे नि चर. मुरमात टिकाव मारला की ठिणगी उडायची. एका खड्ड्याचा दर ठरलेला, खाली खडक लागला तरी दर तोच. मृग लागला की लागवड, डोक्यावर पाटीत रोपं घेऊन डोंगर चढायचा. मग निंदणी, आळी करणं, मेलेल्या जागी दुसरं रोप. दिवाळीनंतर गवत वाळलं की जाळरेषा, म्हणजे वणवा पसरू नये म्हणून गवताचा पट्टा आधीच जाळून काढायचा. आणि वर्षभर राखण. दिवसा नि रात्री. पुन्हा थंडी सरली की पिशव्या.

सांगा, यात कुठला महिना रिकामा आहे?

राखणीचं एक सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. आमच्या गावचं गायरान वनीकरणात गेलं. त्या गायरानाचा एक तुकडा आमच्याच वस्तीतली चार घरं पोटासाठी कसत होती. दादासाहेब गायकवाडांचा १९६४ चा भूमिहीनांचा सत्याग्रह झाला, लाखो माणसं तुरुंगात गेली, त्यात आमच्या गावचीही गेली होती. त्या सत्याग्रहातून त्या लोकांनी धीर धरून नांगर घातला होता. आणि तिथं खड्डे खणायला कोण? आबा. रोपं राखायला कोण? आबा. आमच्याच चुलतीच्या शेळ्या रोपात शिरल्या, आबाने त्या हाकलून कोंडवाड्यात नेल्या. नेल्या नसत्या तर दुसऱ्या दिवशी हजेरी बंद होती. चुलती दारात येऊन म्हणाली, "आरं, सायबाचा कुत्रा झालास का?" आबा काही बोलला नाही. त्या रात्री जेवलाही नाही. पुढं सरकारने २८ नोव्हेंबर १९९१ चा निर्णय काढला, १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची भूमिहीनांची अतिक्रमणं कायम करायची म्हणून. त्या चार घरांचं अतिक्रमण कागदावर कुठं होतं? तिथं तर सुबाभूळ उभी होती. आबाने लावलेली.

आपल्या माणसाला आपल्याच माणसावर राखणदार नेमायचं, ही जुनी युक्ती आहे. वतनातही हेच होतं. राग राखणदारावर निघतो, नेमणारा सावलीत बसतो. तुम्ही कार्यकर्ते आहात. उद्या गायरानाच्या मोर्चात गेलात आणि समोर काठी घेऊन रोजंदारीवरचा वॉचमन उभा दिसला, तर त्याला शिव्या देण्याआधी त्याचा रोज किती ते विचारा.

आता दोनशे चाळीस.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं की ज्याने वर्षात २४० दिवस काम केलं त्याची नोकरी सलग वर्षाची धरायची, त्याला नोटीस नि भरपाई दिल्याशिवाय काढता येणार नाही. हा आकडा मजुराला माहीत नव्हता, पण कारकुनाला बरोबर माहीत होता. म्हणून २२०-२३० दिवस झाले की ब्रेक. आठवडा-पंधरा दिवस घरी बस. नाहीतर काम चालूच, हजेरी दुसऱ्याच्या नावाने. आबाला हाक मारायचे ती नुसत्या नावाने, तीही अर्ध्या. त्याच्या निम्म्या वयाचा पोरगा खुर्चीत बसून म्हणायचा, "ए, उद्यापासून तुझ्या भावाच्या नावावर सही कर. पैशे मिळाल्याशी मतलब." आबा चौथी शिकलेला. त्याला वाटायचं, सही येते हीच मोठी गोष्ट.

माझ्या आईने भिंतीवर रेघा मारल्या होत्या. गेरूच्या. कामावर गेलेल्या दिवसाला एक रेघ. तिला हिशेब पगारासाठी पाहिजे होता, कायद्यासाठी नाही. दिवाळीला घर सारवलं की रेघा जायच्या.

आपल्या राज्यात १९७१ चा एक कायदा आहे. कामगार संघटनांना मान्यता देण्याचा आणि अनुचित कामगार प्रथा रोखण्याचा. त्याच्या चौथ्या परिशिष्टातली सहावी बाब पाठ करून ठेवण्यासारखी आहे. कामगारांना कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने त्यांना वर्षानुवर्षं बदली, कॅज्युअल किंवा टेम्पररी म्हणून ठेवणं ही अनुचित प्रथा. याच बाबीवर पुणे नि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातले वनीकरणाचे मजूर औद्योगिक न्यायालयात गेले. पुण्याची पाचगाव पर्वतीची टेकडी तुम्ही पाहिली असेल, तिथल्या योजनेवरचे मजूर त्यात होते. पाच-सहा वर्षं काम केलेली माणसं.

सरकारने काय म्हणावं? जंगल राखणं हे राज्याचं सार्वभौम काम आहे, हा उद्योग नव्हे, सबब इथं कामगार कायदा लागत नाही. सार्वभौम! पिशव्यात माती भरणारी माझी आई सार्वभौम काम करत होती, आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं. लष्कर नि न्यायदानाच्या रांगेत तिला बसवलं, पण मजुरी मात्र रोजगार हमीच्या दराची.

खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला. १ डिसेंबर १९९५ ला निकाल लागला. मुख्य वनसंरक्षक विरुद्ध जगन्नाथ मारुती कोंढरे. हे नाव लिहून घ्या. कोर्टाने सांगितलं, असली कामं काही सार्वभौम नाहीत, ती खाजगी संस्थाही करू शकते, म्हणून हा उद्योग आहे. हेही सांगितलं की या कामांच्या तोंडावरच कायमपणा दिसतो, आणि माणसाला वर्षानुवर्षं टेम्पररी ठेवलं यावरूनच हक्क बुडवायचा हेतू धरता येतो. बारा महिन्यांचं काम मी वर का मोजून दाखवलं ते आता कळलं असेल. बाबासाहेबांनी १९२८ ला वतनाबद्दल जे विचारलं होतं, त्याच जातीचा हा प्रश्न. काम कायमचं, मग माणूस कुणाचा?

दोन महिन्यांनी, ३१ जानेवारी १९९६ ला, सरकारचा निर्णय निघाला. वनखाते नि सामाजिक वनीकरण मिळून ८,०३८ अधिसंख्य पदं निर्माण केली, पदाचं नाव वनमजूर. अट अशी की ऑक्टोबर १९९४ पर्यंतची पाच वर्षं, दरवर्षी किमान २४० दिवस काम पाहिजे.

आमच्या घरात त्या दिवशी आई रडली. आनंदाने. आबाने नवं धोतर काढून नेसलं आणि ऑफिसात गेला.

यादी लागली. आबाचं नाव नाही. पाच वर्षांचे आकडे असे होते: २६२, २५१, २४७, २३१, २५८. चौथ्या वर्षी नऊ दिवस कमी. मी तेव्हा कॉलेज करून बेकार होतो, आबाबरोबर ऑफिसात गेलो. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात डोंगराला वणवा लागला होता. आबा पंधरा दिवस त्या कामावर होता, दंडाला भाजल्याचा डाग मरेपर्यंत होता. पण त्या पंधरा दिवसांची हजेरी माझ्या चुलत्याच्या नावावर. चुलता तेव्हा मुंबईत गोदीत होता. आणि मस्टरवर चुलत्याच्या नावापुढं सही कुणाची? आबाच्या हातची.

कारकून म्हणाला, "बघा, यांनीच सही केलीय. खोटी सही केली म्हणून उलट केस होईल." आबा माझ्याकडे बघून म्हणाला, "चल लेका. आपलंच कागुद आपल्याला खातंय."

संघटनेच्या वकिलाने केस टाकली. पुरावा मागितला. भिंत कोर्टात नेता येत नाही. चुलता साक्षीला यायच्या आधीच वारला. केस पडली. आबा तसाच रोजंदारीवर राहिला आणि २००३ मध्ये एका सकाळी त्याला सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्याला 'येऊ नका' म्हटलं. आधी कायम 'ये' आणि 'जा'.

आबाबरोबरचा एक गडी मात्र कायम झाला. तो निरक्षर होता. पण त्याची पोरगी सातवीत शिकायची, ती रोज संध्याकाळी वहीत तारीख, काम आणि मुकादमाचं नाव लिहायची. वही शाळेची, मागच्या बाजूने. पाच वर्षांच्या वह्या तिने जपल्या. ऑफिसात तक्रार केली तेव्हा वही नि मस्टर समोरासमोर ठेवलं, आणि कुठल्या दिवशी कुणाच्या नावाने हजेरी लागली ते मुकादमाला कबूल करावं लागलं. 'शिका' याचा अर्थ आपण डिग्री असा लावतो. त्या पोरीने सातवीत तो लावला तसा मला बी.ए. होऊन लावता आला नाही. माझा बाप माझ्यासमोर कामावर जात होता आणि मी एक ओळ लिहून ठेवली नाही. हे माझ्यावर आहे, खात्यावर नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात. २००१ मध्ये गुजरातच्या वनखात्याच्या एका खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की खातं उद्योग आहे हे आपोआप ठरत नाही, काम काय होतं याची माहिती मजुराने मांडली पाहिजे. १० एप्रिल २००६ ला उमादेवी खटल्यात पाच न्यायाधीशांनी सांगितलं की मागच्या दाराने लागलेल्यांना कायम करता येणार नाही. देशभरच्या रोजंदारीवाल्यांवर ती कुऱ्हाड पडली. तिला अडवलं कुणी? २८ ऑगस्ट २००९ च्या निकालाने. तो खटला एस.टी. महामंडळातल्या, गाड्या झाडणाऱ्या-धुणाऱ्या रोजंदारी कामगारांचा होता, आणि तो लढली कास्ट्राईब, म्हणजे आपल्याच मागासवर्गीय कर्मचाऱ्यांची संघटना. कोर्टाने मान्य केलं की उमादेवी निकालामुळे १९७१ च्या कायद्याखाली औद्योगिक न्यायालयाला असलेले अधिकार जात नाहीत. अनुचित प्रथा सिद्ध झाली तर कायम करण्याचा आदेश देता येतो. एस.टी.तल्या झाडूवाल्याने जंगलातल्या कुदळवाल्याची वाट मोकळी ठेवली. १६ ऑक्टोबर २०१२ ला सरकारने आणखी ६,५४६ वनमजुरांना कायम केलं. आबा २०१० ला गेला होता.

आता त्या पोराचं उत्तर. 'जंगलात आपलं काय?'

बाबा रे, सरकारी नोकरीत आरक्षण आहे ते कायम पदाला. बिंदुनामावली खुर्चीला असते, कुदळीला नसते. जे काम रोजंदारीवर ढकललं त्याला आरक्षण नाही, पेन्शन नाही, बढती नाही. म्हणून तिथं आपली माणसं, आदिवासी, भटके-विमुक्त आणि बाया खच्चून भरलेल्या सापडतात. आपण आरक्षण वाचवायला मोर्चे काढतो आणि त्याच वेळी पदंच रोजंदारीत नि ठेक्यात विरघळून जातात. वतनात माणूस कायमचा बांधलेला होता, त्याला मोल नव्हतं. रोजंदारीत मोल दिलं पण माणूस कायमचा सुटा ठेवला. दोन्हीकडे काम पिढ्यान्‌पिढ्यांचं.

आणि जीव जातो तो खरा जातो. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबात वाघांच्या खुणा मोजायला गेलेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ओढून नेलं. ती कायम नोकरीत होती. तिच्याबरोबर मदतनीस चालत होते. त्या दिवशी वाघिणीने त्यांच्यातल्या कुणाला नेलं असतं, तर त्याच्या घरच्यांनी कुठला कागद दाखवला असता, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या चार श्रमसंहिता लागू झाल्या. १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा आणि १९४८ चा किमान वेतन कायदा त्यांच्या पोटात गेले. कलमांचे आकडे बदलले, ते नव्याने शिकावे लागतील. पण हजेरीचा पुरावा मजुरानेच आणायचा, हे संपलेलं नाही. आता मस्टरच्या जागी ठेकेदाराची यादी आहे, कुठं मोबाईलवरची हजेरी. नाव दुसऱ्याचं लावायला तिथंही अडचण नाही.

म्हणून शिबिरात भाषणं कमी करा आणि हे करा. आपल्या भागात रोपवाटिका असेल, वनीकरणाचा प्लॉट असेल, तिथं जा. कामावरच्या प्रत्येक माणसाला एक वही द्या. तारीख, काम, जागा, हजेरी घेणाऱ्याचं नाव, मिळालेले पैसे. लिहिता येत नसेल तर घरातल्या शिकत्या पोरीला सांगा, पोराला सांगा. महिन्याला एकदा तुम्ही जाऊन सही करा. दुसऱ्याच्या नावावर सही मागितली तर त्या दिवसापुढं खूण करा. माहितीच्या अधिकाराखाली मस्टरच्या नकला वर्षाच्या वर्षाला मागा, वीस वर्षांनी नाही. मी २०११ मध्ये आबाचे मस्टर मागितले. उत्तर आलं, मुदत संपल्याने अभिलेख नष्ट करण्यात आला आहे.

गेल्या पावसाळ्यात गावी गेलो होतो. गायरानावरची सुबाभूळ आता दोन पुरुष उंच आहे. वरच्या अंगाला आबाने लावलेल्या कडुनिंबाच्या ओळीत झाडांवर खात्याचे पांढरे आकडे रंगवलेले दिसले. एकेक मोजत गेलो. चौऱ्याऐंशीपर्यंत मोजली, मग अंधार पडला.

वह्या कुणाला पाहिजे असतील तर कळवा. आमच्या मंडळाने दोनशे छापून घेतल्या आहेत.

जयभीम.